बोली

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईच्या पिशव्यांशेजारी,
मी हिरवा झगा उतरवते, मैत्रिणीचा कोट चढवते.
बाह्या दोन बोटं लांब. असू देत.
झग्याच्या खिशातला टॉर्च कपाटात टाकते,
मग परत काढून कोटाच्या खिशात ठेवते.

अर्ध्या तासापूर्वी चौदा नंबरच्या वॉर्डात
गॅलब्रेथ आजोबांच्या पोटातलं पाणी उतरत होतं
आणि मी बाटलीवरच्या रेघा वाचत उभी होते.
चार लिटर दोनशे.
"किती गं निघालं?" त्यांनी विचारलं,
शेजारच्या होडीला विचारावं तसं.
मग हळूच, नर्स वळल्यावर:
"त्या प्रयोगातल्या गोळ्या मी कुंडीत पुरतो.
रात्रभर खाज सुटते. सांगू नकोस कुणाला."
सांगावं तर लागेलच, आजोबा, डॉक्टरांना.
ते हसले. डॉक्टरांना चालेल, म्हणाले.

बसमध्ये मी उत्तरं घोकते.
व्याजदर, घसारा, उद्याच्या पैशाचं आजचं मोल,
रात्रपाळ्यांत उसन्या पुस्तकांतून पाठ केलेलं,
मेंदूच्या बारा नसांसारखं, एका दमात.
वैद्यक का सोडतेस?
सोडत नाही, सर, रुंद करते आहे.
(हे वाक्य आरशासमोर सतरा वेळा म्हटलं.
सतराव्या वेळी आरसाच कंटाळला.)

घरी अजून माहीत नाही.
घर म्हणजे फ्रेझरबरो, जिथं वारा दार ठोठावत नाही, सरळ आत येतो.
पहाटे सहाला बाबा मासळीच्या लिलावात उभे.
सात वर्षांची असल्यापासून बघत आले:
माणूस हॅडॉकच्या डोळ्यात बघतो,
कल्ला उचलतो, लाल की तपकिरी,
आणि तोंडातून शब्द न काढता
एक भुवई हलवतो.
झाली बोली.
माझं पहिलं निदान मी तिथंच केलं,
त्याचा भावही मीच सांगितला, आणि बरोबर निघाला.
पण आईनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय,
आमची इशबेल डॉक्टर होणार.

काचेच्या खोलीत तिघं.
मधल्या अर्कर्टबाई एक कागद सरकवतात:
छोटी कंपनी, एकच औषध, यकृतावरचं,
दुसरा टप्पा पार, तिसरा चालू.
"शेअर घ्यावा का? वीस मिनिटं."

मी रकाने आखते.
यशाची शक्यता, बाजाराचा आकार, खर्च.
आकडे गोड बोलतात माझ्याशी,
कबूल करते, मला बरं वाटतं.
मग एक ओळ:
मधेच गळालेले रुग्ण, शेकडा बावीस.
कारण: इतर.

औषधाचं नाव मी दुसऱ्यांदा वाचते.
तेच.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं म्हणतात,
पण हे भांडं माझं नाही.
एका म्हाताऱ्यानं ते दुपारी माझ्या हाती दिलं,
पोटात सुई असताना.

"इतर म्हणजे काय, ते या कागदावर नाही," मी म्हणते.
"ते कळल्याशिवाय मी भाव सांगणार नाही."
"तुम्ही डॉक्टर होणार. अंदाज तर असेल?"
"या औषधाबद्दल मला बोलता येणार नाही, बाई.
का, तेही सांगता येणार नाही.
दुसरी कंपनी द्या."

खोलीत एवढी शांतता,
की भिंतीवरचं घड्याळ नाडीसारखं ऐकू आलं. बहात्तर.
रुंद करण्याचं वाक्य मी विसरले होते.
अर्कर्टबाईंनी कागद परत घेतला
आणि त्यांची डावी भुवई
हलली, किंवा मला तसं वाटलं.

बाहेर येऊन बाबांना फोन लावते.
हॅडॉक आज कितीला गेला?
ते सांगतात. थोडा चढलाय.
"का गं, दुपारच्या वेळी?"
बाबा, मी डॉक्टर नाही झाले तर?
पलीकडे नुसता वारा.
ते काहीतरी बोललेत, मला खात्री आहे,
फक्त तोंडानं नाही.